वडिलांची विडी आणि अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल

विचारणा थोडक्यात अशी: वडील साठी ओलांडलेले, मधुमेह बरीच वर्षं, विडी कमी झाली पण सुटलेली नाही. तालुक्याच्या गावी एका शिबिरात लघवीवर ‘फ्री रॅडिकल टेस्ट’ झाली, रंग गडद आला. ‘शरीर आतून गंजतंय’ असं सांगून तीन महिन्यांच्या अँटिऑक्सिडंट कॅप्सूल आणि ज्यूसच्या बाटल्या हातात दिल्या. पाण्याच्या ग्लासात प्रयोगही करून दाखवला. या कॅप्सूल चालू ठेवाव्यात का, आणि हे फ्री रॅडिकल प्रकरण खरं किती?

दुसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल, म्हणून पहिल्याचं उत्तर आधी देतो. बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. त्यात बीटा-कॅरोटीन (गाजराला नारिंगी रंग देणारं द्रव्य) असेल आणि वडील अजून विडी ओढत असतील, तर कॅप्सूल आजच बंद करा. आपल्याकडच्या बऱ्याच अँटिऑक्सिडंट कॅप्सूलमध्ये ते असतं; सोबत सेलेनियम, जस्त, कधी लायकोपीन. बाकीच्या घटकांबद्दल वाद घालता येईल. धूम्रपान करणाऱ्या माणसाला बीटा-कॅरोटीनची गोळी देण्याबद्दल मात्र वाद उरलेला नाही.

त्यामागची हकीकत सांगण्यासारखी आहे. १९८० च्या आसपास एक निरीक्षण पुन्हा पुन्हा पुढे येत होतं: ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो. बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट, म्हणजे फ्री रॅडिकल्स विझवणारं द्रव्य, आणि धुरात फ्री रॅडिकल्स भरपूर, तेव्हा दुवा सरळ दिसत होता. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाचे, धूम्रपान करणारे २९,१३३ पुरुष घेतले. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना ५० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही आणि काहींना औषध नसलेली नुसती गोळी. पाच ते आठ वर्षं हे चाललं. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. कमी नव्हे, जास्त. बऱ्याच जणांचा आधी विश्वासच बसला नाही. पण त्याच सुमारास अमेरिकेत दुसरा प्रयोग चालू होता: धूम्रपान करणारे, सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले मिळून १८,३१४ जण, त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास लोकांना रोज ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन आणि सोबत अ जीवनसत्त्व. तो जानेवारी १९९६ मध्ये ठरल्या वेळेच्या २१ महिने आधी थांबवावा लागला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्के आणि एकूण मृत्यू १७ टक्के जास्त होते.

आता यातली गंमत पाहा, गंमत म्हणणं बरं नव्हे तरी. फिनलंडच्या त्याच लोकांत, अभ्यास सुरू होताना ज्यांच्या रक्तात आहारातून आलेलं बीटा-कॅरोटीन जास्त होतं, त्यांना पुढे कर्करोग कमीच झाला. म्हणजे मूळ निरीक्षण चुकीचं नव्हतं. गाजर, पालक, लाल भोपळा, पपई खाणाऱ्याच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त सापडतं. पण तो माणूस त्या भाज्यांतून आणखी शेकडो द्रव्यं खातो, बहुधा विडी-सिगारेट कमी ओढतो, त्याच्या हाताशी चार पैसे असतात. बीटा-कॅरोटीन ही त्या राहणीची खूण होती. खूण वेगळी काढून, गोळीत भरून, आहारातून मिळते त्याच्या कितीतरी पट मात्रेत दिली आणि ती उलटली.

का उलटली याचा अंदाज फेरेट या प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आला. बीटा-कॅरोटीन शोषून घेण्याची त्यांची पद्धत माणसाच्या जवळची आहे. धूर आणि मोठी मात्रा दोन्ही एकत्र मिळाल्यावर त्यांच्या फुप्फुसांत बीटा-कॅरोटीनचे तुकडे पडले आणि पेशींत कर्करोगाआधी दिसतात तसे बदल सुरू झाले. धुराने भरलेल्या, प्राणवायूने भरपूर अशा जागी अँटिऑक्सिडंट स्वतःच बिघडतं आणि बिघडवतं. अमेरिकेतल्या २२,०७१ पुरुष डॉक्टरांनी भाग घेतलेला आणखी एक अभ्यास आहे. त्यांच्यात धूम्रपान करणारे थोडे होते. बारा वर्षं एक दिवसाआड बीटा-कॅरोटीन घेऊन त्यांना फायदाही झाला नाही आणि तोटाही झाला नाही.

तर फ्री रॅडिकल म्हणजे काय? अणू-रेणूंमधले इलेक्ट्रॉन सहसा जोडीने राहतात. ज्या रेणूत एखादा इलेक्ट्रॉन एकटा पडतो तो फ्री रॅडिकल, पाठ्यपुस्तकातलं मुक्त मूलक. जोडी पुरी करण्यासाठी असा रेणू शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढू शकतो. मग शेजारी एकटा पडतो आणि साखळी सुरू होते. पेशीच्या पटलातल्या स्निग्ध पदार्थांत अशी साखळी लागली की जे घडतं, तेच डब्यात फार दिवस राहिलेलं तेल खवट होताना घडतं. ही उपमा नाही, रसायन एकच आहे.

शरीरात यांचा मुख्य उगम आपला श्वास. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये अन्नातले इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने प्राणवायूपर्यंत पोचवले जातात आणि त्यातून ऊर्जा मिळते. वाटेत थोडे इलेक्ट्रॉन गळतात, थेट प्राणवायूला चिकटतात आणि सुपरऑक्साइड हे रॅडिकल बनतं. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. लोखंडाचा सुटा अणू भेटला तर पेरॉक्साइडमधून हायड्रॉक्सिल निघतं, आणि ते सगळ्यांत वाईट. ते जन्मल्या जागी, सेकंदाच्या अब्जाव्या हिश्शाच्या आसपास, समोर येईल त्याला धरतं, मग ते डीएनए असो वा प्रथिन.

प्राणवायूचं विष आणि क्ष-किरणांची इजा या दोन्हींच्या मुळाशी ही रॅडिकल्सच आहेत, असं रेबेका गेर्शमन यांनी १९५४ मध्ये मांडलं. १९५६ मध्ये डेनम हार्मन यांनी पुढचं पाऊल टाकलं: म्हातारपण म्हणजे याच इजेची साठवण. ही कल्पना फार आकर्षक होती आणि तिच्यावरच पुढे गोळ्यांचा बाजार उभा राहिला. मग १९६९ मध्ये जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइडचा निकाल लावणारं एन्झाइम (रासायनिक क्रिया वेगाने घडवणारं प्रथिन) शोधलं, सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज. शरीराने या कामासाठी खास यंत्रणा ठेवली आहे, हे तेव्हा पक्कं कळलं. तयार होणारी आणि आवरली जाणारी रॅडिकल्स यांचा तोल पहिल्या बाजूला झुकला की त्याला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ म्हणायचं, ही मांडणी हेल्मुट झीस यांची, १९८५ ची.

इथवरची गोष्ट शिबिरवाल्यांनाही माहीत असते. पुढची ते सांगत नाहीत.

रॅडिकल्स शरीर मुद्दामही बनवतं. पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, तेव्हा काही क्षणांत त्यांचा प्राणवायूचा वापर झपाट्याने वाढतो आणि त्या जंतूवर सुपरऑक्साइडचा मारा करतात. हे सुपरऑक्साइड बनवणारं एन्झाइम काही मुलांमध्ये जन्मतः सदोष असतं. त्या आजाराचं नाव क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज. या मुलांना लहानपणापासून गाठी, गळवं, न्यूमोनिया, बुरशीचे संसर्ग होत राहतात. कधी बीसीजीच्या लशीचाच त्रास होतो. परळला केईएमच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत अशा आजारांचं निदान होतं. फ्री रॅडिकल कमी असणं हे आरोग्य असतं, तर ही मुलं सगळ्यांत निरोगी असायला हवी होती.

दुसरं उदाहरण तुमच्या ओळखीत कुणाच्या तरी खिशात असेल. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार करते, त्याने रक्तवाहिन्या सैल होतात. नायट्रिक ऑक्साइड हे फ्री रॅडिकल आहे. त्याच्या कामाच्या शोधासाठी १९९८ चं नोबेल पारितोषिक दिलं गेलं. हायड्रोजन पेरॉक्साइडही अगदी थोड्या प्रमाणात पेशींमधला निरोप्या असतो: इन्सुलिनचा संदेश, जखम भरणं, पेशी वाढणं यांत त्याचा हात असतो. सरसकट सगळी रॅडिकल्स पुसून टाकायची ही इच्छाच मुळात चुकीची.

व्यायामाचंच घ्या. स्नायू कामाला लागले की रॅडिकल्स वाढतात. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी निरोगी तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. त्यांतल्या अर्ध्यांना रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं. गोळ्या न घेणाऱ्यांची इन्सुलिनला मिळणारी दाद सुधारली, घेणाऱ्यांची सुधारली नाही. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत हे इतकं ठळक दिसलं नाही, त्यामुळे मी यावर फार जोर देत नाही. पण मधुमेह्याने सकाळी चालून यावं आणि वर मोठ्या मात्रेची गोळी घ्यावी, याला आधार काहीच नाही, एवढं तरी म्हणता येतं.

शरीराचं स्वतःचं संरक्षण जवळजवळ सगळं एन्झाइमचं आहे. डिस्म्यूटेज सुपरऑक्साइड संपवतं. कॅटालेज, ग्लुटाथिऑन पेरॉक्सिडेज आणि त्यांचे भाईबंद पेरॉक्साइडचं पाणी करतात. जखमेवर पेरॉक्साइड ओतल्यावर फेस येतो तो कॅटालेजचा. ही एन्झाइम एका सेकंदात लाखो रेणू हाताळतात आणि स्वतः संपत नाहीत. गोळीतला क किंवा ई चा रेणू मात्र एकदोन रॅडिकल विझवून खर्च होतो, आणि हायड्रॉक्सिलपुढे तर त्याची पोच उशिराच होते. शिवाय क जीवनसत्त्व तोंडाने वाढवत नेलं तरी रक्तातली पातळी एका मर्यादेपुढे हलत नाही. एक ग्रॅमच्या पुढे शोषण निम्म्याहून कमी होतं आणि शोषलेल्यातलं जादाचं लघवीवाटे जातं, त्यातला काही भाग ऑक्झलेट, म्हणजे मुतखड्याचा कच्चा माल, होऊन. मुतखड्याची खोड असलेल्यांनी रोज ग्रॅमभर क घेऊ नये ते यामुळे.

मग हिरवा चहा, हळद, जांभूळ, डाळिंब यांचं काय? यांतली पॉलिफेनॉल्स ही वनस्पतींतली द्रव्यं रक्तात फार थोडी पोचतात. ती स्वतः जाऊन रॅडिकल विझवतात हे चित्र आता मागे पडलं आहे. ती पेशीला सौम्य चिमटा काढतात आणि पेशी आपली एन्झाइम वाढवते, अशी सध्याची समजूत आहे. म्हणून ‘यात संत्र्याच्या चाळीस पट अँटिऑक्सिडंट’ या आकड्याला अर्थ नाही. परीक्षानळीत मोजलेल्या अशा आकड्यांचा तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढूनच टाकला, कारण त्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध दाखवता येत नव्हता आणि विक्रेते ते सर्रास वापरत होते. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची ‘अँटिऑक्सिडंट क्षमता’ वाढते, हे खरं. तपासल्यावर कळलं की ती वाढते फळातल्या फ्रुक्टोजमुळे चढलेल्या युरिक ॲसिडने. युरिक ॲसिड हे रक्तातलं एक मोठं अँटिऑक्सिडंट आहे! ते वाढवण्यासाठी कुणी पैसे देईल असं वाटत नाही.

आता तो ग्लासातला प्रयोग. पाण्यात आयोडीनचं तपकिरी औषध टाकतात, ‘हे तुमचं रक्त’ म्हणतात, मग ज्यूस ओततात आणि पाणी नितळ होतं. क जीवनसत्त्व आयोडीनचं आयोडाइड करतं आणि आयोडाइडला रंग नसतो, एवढंच ते आहे. घरी पुरेसं लिंबू पिळा, तेच होईल. लघवीच्या चाचणीचंही तसंच. त्या रसायनाचा रंग स्निग्ध पदार्थ खवट होताना निघणाऱ्या अल्डिहाइडने बदलतो, पण इतर अल्डिहाइडनेही बदलतो, आणि लघवी दाट की पातळ, आदल्या दिवशी जेवलात काय, यावरही तो अवलंबून असतो. काही ठिकाणी तळहातावर प्रकाश टाकणारं यंत्र असतं. ते त्वचेतलं कॅरोटीन मोजतं. कॅरोटीन असलेली कॅप्सूल महिनाभर खाल्ली की आकडा चढणारच, आणि मग ‘बघा, सुधारणा झाली’. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मोजण्याच्या पद्धती संशोधनात आहेत, पण एखाद्या रुग्णाला औषध द्यायचं की नाही हे ठरवणारी चाचणी दवाखान्यात वापरात नाही.

बाटलीत ई जीवनसत्त्व ४०० युनिट असेल तर तेही वडिलांना नको. अमेरिका-कॅनडातल्या ३५,५३३ पुरुषांच्या अभ्यासात सेलेनियम आणि ई यांनी प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का ते पाहिलं. टळला नाही, आणि २०११ च्या अहवालात नुसतं ई घेणाऱ्यांत तो १७ टक्के जास्त दिसला. २०१२ मध्ये असे ७८ प्रयोग, २,९६,७०७ माणसं एकत्र करून पाहिली गेली. आयुष्य वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. बीटा-कॅरोटीन आणि ई यांनी ते किंचित घटत असावं, असं दिसलं. (चेहऱ्याला चोळायला कॅप्सूल टोचणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही, तो विषय निराळा.)

एक ताकीद विडी-तंबाखूच्या घरात द्यावीच लागते. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाचं रेडिएशन चालू असताना नातेवाईक ‘ताकद यावी’ म्हणून अँटिऑक्सिडंट आणतात. रेडिएशनच्या कामाचा मोठा भाग रॅडिकल्समधूनच होतो. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये डोकं-मानेच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेणाऱ्या ५४० रुग्णांवर ई जीवनसत्त्वाचा प्रयोग झाला. ई घेत असलेल्या काळात नवे कर्करोग जास्त आढळले आणि पुढे त्या गटातले एकूण मृत्यूही जास्त निघाले. अशा वेळी कोणतीही पूरक गोळी कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको.

अँटिऑक्सिडंट कुठेच उपयोगी नाहीत असं मात्र नाही. पॅरासिटामॉल अति प्रमाणात घेतलं गेलं तर यकृतातलं ग्लुटाथिऑन, म्हणजे शरीराने स्वतः बनवलेलं अँटिऑक्सिडंट, संपतं आणि यकृत निकामी होऊ लागतं. तिथे ॲसिटिलसिस्टीन हे औषध ग्लुटाथिऑन भरून काढतं आणि पहिल्या आठ तासांत दिलं तर जवळजवळ खात्रीने वाचवतं. वयोमानाने दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजण्याच्या मधल्या टप्प्यावर क, ई, जस्त, तांबं आणि ल्युटीन-झियाझँथिन यांचं ठरलेलं मिश्रण नेत्रतज्ज्ञ देतात. त्या मिश्रणात आधी बीटा-कॅरोटीन होतं, २०१३ नंतर त्याच्या जागी ल्युटीन आलं, आणि कारण तेच, धूम्रपान. मधुमेह नसलेल्या, यकृतात चरबीबरोबर दाह असलेल्या काही रुग्णांना ई दिलं जातं, तेही देखरेखीखाली.

आणि एक आजार असा, ज्यात हा तोल खरोखरच ढळतो: जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता. लाल पेशींचं ग्लुटाथिऑन पुन्हा भरण्याची शक्ती त्याच्यावर अवलंबून असते. आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी जमातींत ती जास्त आढळते. अशा माणसाला मलेरियासाठी प्रायमाक्विन दिलं की दोन-तीन दिवसांत लाल पेशी फुटतात, लघवी काळपट होते, कावीळ होते. बाळंतविड्याचे कपडे डांबरगोळ्या घातलेल्या ट्रंकेतून काढून न धुता नवजात बाळाला घातले तरी हे घडू शकतं, कारण नॅफ्थलीनही तेच करतं. यावर उपाय अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल नाही. ते औषध आणि डांबरगोळ्या टाळणं हा आहे.

वडिलांकडे येऊ. त्यांच्या शरीरात रॅडिकल्स वाढवणारं सगळ्यांत मोठं कारण त्यांच्या हातात आहे. विडीच्या प्रत्येक झुरक्यात रॅडिकल्स अगणित असतात आणि धुराने चिडलेल्या पांढऱ्या पेशी आणखी बनवतात. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत दूरध्वनी आहे. निकोटिनचं च्युइंगगम किंवा गोळ्या तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. विडी सोडून मिश्री लावणं हा सौदा नाही. दुसरं कारण चढलेली साखर: जादा ग्लुकोज मायटोकॉन्ड्रियातली गळती वाढवतं, आणि डोळे, मूत्रपिंडं, नसा यांच्या बिघाडात त्याचा वाटा आहे. ती आवरणं हेच तिथलं अँटिऑक्सिडंट. तिसरं, पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल. तळणाच्या तेलात ध्रुवीय संयुगं (तेल तापून बिघडताना बनणारी द्रव्यं) २५ टक्क्यांच्या वर गेली तर ते वापरायचं नाही, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम जुलै २०१८ पासून आहे. गाडीवर तो कोण मोजतो हा प्रश्न वेगळा. घरी निदान कालच्या भज्यांचं तेल उद्याच्या पुऱ्यांना नको.

क जीवनसत्त्वाची पुरुषाची रोजची गरज आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत ८० मिलिग्रॅम आहे. एका मध्यम पेरूत ती सहज भागते, आणि मधुमेह्याला पेरू चालतो. आमटीत हळद घालाच, पण तिच्या अर्काच्या कॅप्सूल मिऱ्याच्या अर्कासह घेणाऱ्या काहींना यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. हिरव्या चहाच्या अर्काबद्दलही तशाच. पेयाबद्दल किंवा स्वयंपाकाबद्दल नाही, अर्काबद्दल.

उरलेल्या बाटल्या परत घेतात का बघा. तेवढ्या पैशांत वडिलांची तीन महिन्यांची सरासरी साखर, लघवीतलं अल्ब्युमिन आणि बाहुली मोठी करून डोळ्याच्या पडद्याची तपासणी होईल. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल आणि पायांना मुंग्या येत असतील, तर बी-१२ सुद्धा पाहून घ्या. त्याची कमतरता या औषधाने होते आणि ती नेमकी मधुमेहाच्या नसांच्या त्रासासारखीच दिसते.